हायड्रोजनचा स्फोट कोणाच्या खात्यात मांडायचा?

जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात 12, 14 आणि 15 मार्च 2011 रोजी एकामागून एक तीन इमारतींची छपरे स्फोटांनी उडाली. त्यांतले पहिले दोन स्फोट होऊन गेले होते तेव्हा, 14 मार्चला, इकडे मुंबईत अणुऊर्जा खात्याचे वरिष्ठ अधिकारी पत्रकारांशी बोलले. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकुमार बॅनर्जी यांनी जे सांगितले त्याचा आशय असा होता, की जपानमध्ये घडते आहे ती निव्वळ रासायनिक अभिक्रिया आहे, अणुआणीबाणी नव्हे. त्या दिवशी टोकियोतही कोणाला पुरते चित्र ठाऊक नव्हते. त्यामुळे घाईच्या एका विधानावरून कोणा व्यक्तीला आज जाब विचारण्यात अर्थ नाही. पण त्या विधानामागचा युक्तिवाद त्या दिवसापुरता राहिला नाही. तारापूर, जैतापूर, कुडनकुलम ही नावे निघाली की तो आजही ऐकू येतो. फुटला तो हायड्रोजन, अणुभट्टी फुटली नाही. उडाले ते छप्पर, भट्टीचे पोलादी भांडे जागच्या जागी राहिले. त्या स्फोटांच्या किरणोत्साराने कोणी तिथल्या तिथे मेले नाही. आणि आता तर हायड्रोजन जिरवणारी यंत्रे बसवली आहेत, तेव्हा हा विषय मिटला. यातले एकेक विधान सुटे घेतले तर जवळपास खरे आहे. त्यांची मोळी बांधून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हायड्रोजनला अपघाताचा किरकोळ उपद्रव ठरवले की त्याच्या बंदोबस्ताचे कामही किरकोळ ठरते, आणि ते काम अजून अर्धेच झालेले आहे.

खरे आहे तेवढे आधी मान्य करू. वीज बनवणाऱ्या भट्टीतले युरेनियम बॉम्बइतके समृद्ध नसते; भट्टी अणुबॉम्बसारखी फुटू शकत नाही. अणुऊर्जाविरोधी सभांतून ज्यांनी तशी भीती घातली त्यांनी लोकांची दिशाभूल केली. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा हायड्रोजन आला कुठून? तो बाहेरून आणून ठेवलेल्या कुठल्या टाकीतून आला नाही. इंधनाच्या गोळ्या ज्या नळ्यांमध्ये भरतात त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. न्यूट्रॉन फारसे न गिळणारा आणि गरम पाण्यात न गंजणारा हा धातू नेहमीच्या तापमानाला गुणी आहे. पण भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता बंद होत नाही. बंद केल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते, आणि दिवस उलटला तरी अर्धा टक्का शिल्लक असते. हजार मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत तीन हजार मेगावॉट उष्णता तयार होते. तिचा अर्धा टक्का म्हणजे पंधरा मेगावॉट. ती वाहून नेणारे पाणी थांबले की नळ्या उघड्या पडतात, तापतात, आणि नऊशे अंश सेल्सियसच्या वर गेल्या की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेऊ लागतो व हायड्रोजन मोकळा होतो. बाराशे अंशांच्या पुढे हा वेग झपाट्याने वाढतो. अभिक्रिया स्वतःच उष्णता देते, म्हणून जितकी चालते तितकी ती स्वतःला आणखी पेटवते. एक किलो झिर्कोनियम पूर्ण जळले तर 44 ग्रॅम, म्हणजे अर्धा घनमीटर, हायड्रोजन मिळतो. भट्टीत हा धातू कित्येक टनांनी असतो. तेव्हा हायड्रोजन निघाला याचा अर्थ इंधनाचे आवरण, म्हणजे किरणोत्सारी द्रव्यांभोवतीची पहिली भिंत, जळू लागली आहे. ज्या वायूचा जन्मच गाभा उघडा पडल्याची खूण आहे, त्याच्या स्फोटाला अणुअपघातापासून वेगळे कसे काढायचे?

आता तो स्फोट काय करतो ते फुकुशिमाच्या घटनाक्रमात पाहू, कारण छप्पर उडण्याखेरीज फारसे काही झाले नाही ही समजूत तिथेच मोडते. त्सुनामीने डिझेल जनरेटर आणि विजेचे फलक बुडाल्यावर केंद्रात वीज नव्हती. कामगारांनी 11 मार्चच्या रात्रीपासून, भूकंपाचे धक्के आणि त्सुनामीचे इशारे चालू असताना, पॉवर ट्रकपासून दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीच्या विजेच्या फलकापर्यंत जाडजूड केबल हाताने ओढत नेली. 12 मार्चला दुपारी साडेतीनच्या सुमारास जोडणी पूर्ण झाली. 3 वाजून 36 मिनिटांनी पहिल्या भट्टीची इमारत फुटली आणि उडालेल्या मलब्याने ती केबल निकामी झाली. पहिल्या भट्टीत समुद्राचे पाणी सोडण्यासाठी मांडलेले होजपाइपही फाटले. ते काम पुन्हा करून पाणी सुरू व्हायला संध्याकाळचे सात वाजले. 14 मार्चला सकाळी 11 वाजून एक मिनिटाने तिसऱ्या भट्टीची इमारत फुटली. अकरा जण जखमी झाले, अग्निशमनाच्या गाड्या आणि होजपाइप खराब झाले, आणि शेजारच्या दुसऱ्या भट्टीत दाब सोडण्यासाठी उघडून ठेवलेला मोठा व्हॉल्व्ह त्याचे विद्युत मंडल तुटल्याने बंद पडला. दुसऱ्या भट्टीची थंड करणारी यंत्रणा तोपर्यंत तीन दिवस टिकून होती. ती नेमकी त्याच दुपारी बंद पडली. पाणी घालायला तयार ठेवलेल्या गाड्या निकामी, दाब सोडायची वाट बंद. 15 मार्चला दुसऱ्या भट्टीतून जे किरणोत्सारी ढग बाहेर पडले, त्यांनी वायव्येकडचा मोठा प्रदेश दूषित केला. या भट्टीच्या इमारतीत स्फोट झालाच नाही, कारण पहिल्या स्फोटाच्या धक्क्याने तिच्या भिंतीतले एक पॅनेल निखळून पडले होते आणि हायड्रोजनला बाहेर जायला वाट मिळाली होती. म्हणजे जी इमारत वाचली तीही योगायोगाने. एका भट्टीतल्या हायड्रोजनने दुसरीची वीज, पाणी आणि व्हॉल्व्ह तोडले. एका भट्टीच्या अपघाताचा अख्ख्या केंद्राचा अपघात करणारा दुवा म्हणजे हा वायू.

चौथ्या भट्टीची हकिगत तर या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ही भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. तिच्या भांड्यात इंधन नव्हतेच. सगळे बाजूच्या साठवण तलावात हलवलेले होते. तरी 15 मार्चला सकाळी सहाच्या सुमारास तिचीही इमारत फुटली. जिथे झिर्कोनियम तापलेच नाही तिथे हायड्रोजन आला कसा, याचे उत्तर त्या घडीला कोणाजवळ नव्हते. साठवण तलाव आटला असावा, हा तर्क सर्वांत सोपा होता. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेगरी याझको यांनी 16 मार्चला अमेरिकी संसदेसमोर तलावात पाणी नसल्याचे सांगितले, आणि अमेरिकेने आपल्या नागरिकांना केंद्रापासून पन्नास मैल दूर राहायला सांगितले. तलावात पाणी होते. हायड्रोजन आला होता तिसऱ्या भट्टीतून. दाब सोडताना तिथला वायू दोन्ही भट्ट्यांच्या सामाईक चिमणीकडे गेला आणि चौथ्या भट्टीच्या हवा गाळणाऱ्या यंत्रणेच्या नळांतून उलटा आत शिरला. याचा पुरावा ऑगस्टमध्ये मिळाला. त्या यंत्रणेतल्या फिल्टरांवरचा किरणोत्सार मोजला तेव्हा चिमणीकडचे फिल्टर अधिक दूषित निघाले आणि इमारतीकडचे कमी. हवा आतून बाहेर जाते तेव्हा हे प्रमाण नेमके उलटे असायला हवे. स्फोटाचे कारण कळायला जिथे पाच महिने लागतात, तिथे स्फोटाआधीच्या पाच तासांत नियंत्रण कक्षातल्या माणसांनी ते ओळखावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

यावर कोणी म्हणेल, जपानचे उदाहरण नऊ रिश्टरच्या भूकंपाचे आणि राक्षसी त्सुनामीचे. आपल्याकडे ते कशाला? मग आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात 31 मार्च 1993 च्या पहाटे ना भूकंप होता ना पूर. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, यंत्र प्रचंड हादरले, आणि जनरेटर थंड ठेवण्यासाठी त्यात भरलेला हायड्रोजन सील फुटून बाहेर आला व पेटला. हा हायड्रोजन इंधनातून आलेला नव्हता. देशातल्या मोठ्या औष्णिक केंद्रांतल्या जनरेटरमध्येही तो असतोच. भट्टीपासून वेगळ्या, टर्बाइनच्या दालनात ही आग लागली. तरी वंगणतेल पेटले, आग केबलांच्या मार्गाने पसरली, आणि भट्टीला वीज पुरवणाऱ्या मुख्य व पर्यायी दोन्ही व्यवस्थांच्या केबल एकाच वाटेवर असल्यामुळे एकदमच जळाल्या. सुमारे सतरा तास युनिटमध्ये वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तो सोडावा लागला. डिझेलवर चालणाऱ्या आग विझवण्याच्या पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिले, आणि भट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी टॉर्चच्या उजेडात वर चढून बोरॉनचे द्रावण हाताने सोडले. इंधनाला इजा झाली नाही, किरणोत्सार बाहेर पडला नाही. हे त्या कर्मचाऱ्यांचे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे. पण आंतरराष्ट्रीय मापनात ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. भट्टीत काहीही बिघाड नसताना शेजारच्या दालनातल्या हायड्रोजनने तिची संपूर्ण वीज तोडली. रासायनिक आग आणि अणुसुरक्षा यांच्यामध्ये भिंत आहे असे मानणाऱ्यांना नरोराच्या त्या सतरा तासांचे काय करायचे ते सांगता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि म्हणून अधिक वजनदार आहे: हायड्रोजन पेटायला ऑक्सिजन लागतो, तेव्हा भट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचात, म्हणजे कन्टेनमेंटमध्ये, हवेऐवजी नायट्रोजन भरला की काम झाले. हा उपाय खरा आणि परिणामकारक आहे. थ्री माइल आयलंड केंद्रात 1979 मध्ये झालेल्या अपघातानंतर अमेरिकेने लहान आकाराच्या कन्टेनमेंटसाठी तो सक्तीचा केला. तारापूरची 1 आणि 2 ही युनिटे जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याच्या पद्धतीची, 1969 मध्ये वीज देऊ लागलेली; म्हणजे फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीपेक्षाही दीड वर्षाने जुनी. फुकुशिमानंतरच्या फेरतपासणीत त्यांच्यासाठीही नायट्रोजनची शिफारस झाली, आणि ती योग्यच होती. पण फुकुशिमाच्या कन्टेनमेंटमध्ये नायट्रोजन होताच. स्फोट कन्टेनमेंटमध्ये झाले नाहीत. पहिल्या भट्टीच्या कन्टेनमेंटमधला दाब 12 मार्चच्या पहाटे डिझाइनच्या दाबाच्या दीडपटीहून वर गेला होता. तेवढ्या दाबाला आणि उष्णतेला झाकणाचे जोड, नळ आणि केबल आत जाण्याच्या जागा गळू लागतात. हायड्रोजन त्या फटींतून बाहेरच्या इमारतीत आला, हलका म्हणून वरच्या मजल्यावर साठला, वाफ थंड भिंतींवर जमून पाणी झाली, आणि उरले ते हवेतला ऑक्सिजन व हायड्रोजन. नायट्रोजनचे संरक्षण जिथे संपते तिथूनच स्फोटाची हद्द सुरू झाली. बाहेरच्या इमारतीत हायड्रोजन मोजणारी व्यवस्था नव्हती आणि तो जिरवणारीही नव्हती, कारण तो तिथे येईल असे डिझाइन करताना कोणी धरलेलेच नव्हते. कन्टेनमेंटपुरता विचार करून हा प्रश्न सुटला म्हणणे म्हणजे फुकुशिमात जे चुकले तेच पुन्हा करणे होय.

मग येतो रिकॉम्बायनर, आजचा सर्वांत मोठा दिलासा. पत्र्याची खालून-वरून उघडी पेटी, तिच्यात प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप दिलेल्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन ज्वाळेविना एकत्र येऊन वाफ होते, निघालेल्या उष्णतेने हवा वर चढते आणि खालून नवी हवा ओढली जाते. वीज नको, बटण नको, माणूस नको. हवेत एक-दोन टक्के हायड्रोजन झाला की पेटी आपोआप काम सुरू करते. पेट घेण्याची मर्यादा चार टक्क्यांपासून पुढे आहे. ही फार चांगली कल्पना आहे. फ्रान्सने आपल्या सगळ्या भट्ट्यांमध्ये या पेट्या 2007 अखेरपर्यंत, म्हणजे फुकुशिमाच्या आधीच, बसवल्या होत्या. कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांत त्या पहिल्यापासून आहेत. भारतीय बनावटीच्या पेट्या तपासण्यासाठी अणुऊर्जा महामंडळाने तारापूरलाच चाचणी केंद्र उभारले, हे तर अभिमानाने सांगण्यासारखे आहे. पण या पेटीला मर्यादा आहेत आणि त्या जाहिरातीत येत नाहीत. मोठी पेटी तासाला काही किलो हायड्रोजन जिरवते. थ्री माइल आयलंडला साधारण साडेचारशे किलो तयार झाला, आणि त्यातला बराचसा अगदी थोड्या वेळात. पेट्या कितीही असल्या तरी गाभा वेगाने जळत असताना त्या मागे पडतात. त्यांचे खरे बळ पुढच्या तासा-दिवसांत आहे. हायड्रोजन दाट झाला तर पट्ट्या इतक्या तापतात की त्याच ठिणगीचे काम करतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून पेटी कुठे टांगायची आणि कोणत्या कोपऱ्यात वायू साठतो याचा हिशेब पेट्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. शिवाय वाफेचा पेच वेगळाच. हवेत निम्म्याहून बरीच अधिक वाफ असेल तर मिश्रण पेटत नाही. दाब कमी करण्यासाठी वरून पाण्याचे फवारे सोडले की वाफ जमते, दाब उतरतो आणि तेच मिश्रण पेटण्याजोगे होते. चालकाने नियमानुसार केलेली योग्य कृतीच धोका वाढवू शकते. तेव्हा पेट्या बसवल्या ही बातमी कामाच्या सुरुवातीची आहे, शेवटाची नव्हे.

या सगळ्यामागे एक मुद्दा आहे आणि माझा मुख्य प्रतिवाद त्यावरच उभा आहे. हायड्रोजनच्या बाबतीत माणसाला वेळेवर कळत नाही. घरातल्या सिलिंडरचा गॅस गळला तर कळतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. भट्टीतल्या हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि ठिणगी लागते ती इतकी लहान की स्थिर विजेचीही पुरते. थ्री माइल आयलंडला 28 मार्च 1979 रोजी दुपारी दोनच्या सुमारास कन्टेनमेंटमध्ये हायड्रोजनचा भडका उडाला. दाबाच्या आलेखावर सुईने उभा टोकदार सुळका काढला. नियंत्रण कक्षात धप्प असा आवाज आला. तो हवेच्या झडपेचा असावा आणि सुळका विद्युत गडबडीचा असावा असे समजून काम पुढे चालू राहिले. त्याचा खरा अर्थ लक्षात येऊन वर पोचायला दीड-दोन दिवस गेले. भिंती जाड आणि आतली जागा मोठी होती, भडक्याचा दाब डिझाइनच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपासच राहिला, म्हणून निभावले. आणि मग उलटी चूक झाली. भट्टीच्या भांड्यात वर अडकलेला हायड्रोजनचा बुडबुडा फुटेल या भीतीने नियामक आयोगातच दोन तट पडले आणि लाखाहून अधिक लोक घरे सोडून गेले. त्या भांड्यात फुटायला लागणारा ऑक्सिजन नव्हताच. पाण्यात जादा हायड्रोजन विरघळलेला असताना किरणोत्साराने सुटणारा ऑक्सिजन लगेच पुन्हा पाण्यात जातो. झालेला स्फोट कोणाला दिसला नाही आणि न होणाऱ्या स्फोटाने प्रांत हादरला. हे तज्ज्ञांच्या बाबतीत घडले.

आणि हायड्रोजन न ओळखणे मोठ्या अपघातातच घडते असेही नाही. जर्मनीतल्या ब्रुन्सब्युटेल केंद्रात 14 डिसेंबर 2001 रोजी भट्टी सुरळीत चालू असताना एका नळात साठलेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू फुटला. पाण्याचे किरणोत्साराने विघटन होऊन हा वायू उकळत्या पाण्याच्या भट्टीत रोजच तयार होतो. वाहत्या वाफेबरोबर तो निघून जातो, पण बंद टोकाच्या थंड नळात साठून राहू शकतो. चालकांनी घटना जोडातली गळती समजून तो भाग बंद केला आणि वीजनिर्मिती चालू ठेवली. नियामकांच्या आग्रहाने फेब्रुवारीत भट्टी थांबवून आत पाहिले तेव्हा नळाच्या ठिकऱ्या उडालेल्या आढळल्या. त्याआधी पाचच आठवडे, 7 नोव्हेंबरला, जपानच्या हामाओका केंद्रात याच कारणाने नळ फुटला होता. म्हणजे धडा ताजा होता, ठाऊक होता, तरी तो लागू पडतो आहे हे ओळखता आले नाही. तेव्हा आमच्याकडे प्रशिक्षित चालक आहेत, कार्यपद्धती लिहिलेल्या आहेत, या आश्वासनाला मी चालकांवरचा अविश्वास म्हणून नाकारत नाही. चालकाने हायड्रोजन ओळखावा आणि मग काही करावे अशी अट ज्या संरक्षणात आहे, ते या एका वायूपुढे टिकलेले नाही, म्हणून नाकारतो. संरक्षण असे हवे, की हायड्रोजन आहे हे कोणालाही कळलेले नसताना ते काम करीत असेल.

आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या आहेत, त्यांना हे लागू नाही, असाही एक आक्षेप आहे. यात तथ्य आहे आणि ते नीट सांगायला हवे. जड पाण्याच्या भट्टीत इंधनाच्या नलिका कॅलॅन्ड्रिया नावाच्या टाकीतल्या थंड जड पाण्यात बुडालेल्या असतात, त्याभोवती आणखी पाण्याचा साठा असतो. इंधन उघडे पडायला जास्त वेळ लागतो आणि तो वेळ मोलाचा आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. या भट्टीत इंधनाच्या आवरणाखेरीज दाबनलिका आणि कॅलॅन्ड्रिया नलिकाही झिर्कोनियमच्या मिश्रधातूंच्या असतात. 540 आणि 700 मेगावॉटच्या भट्ट्यांत अशा 392 वाहिन्या आहेत. जळण्याजोगा धातू कमी नाही. जड पाण्यातून हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम निघतो. तोही तसाच पेटतो. कॅलॅन्ड्रियावरच्या हेलियमच्या थरात साठणारा ड्युटेरियम जिरवण्यासाठी या भट्ट्यांत रोजच्या रोज रिकॉम्बायनर चालवावे लागतात. ज्या रचनेत हा वायू दैनंदिन कामकाजाचा भाग आहे, तिला हा प्रश्न लागू नाही असे म्हणता येत नाही. मिळतो तो वेळ. तो वेळ वाया जाऊ नये, एवढेच तर म्हणणे आहे.

संभाव्यता नगण्य आहे, खर्च मात्र खरा आहे, हा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. भट्टीगणिक काढलेल्या संभाव्यता एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तरच त्या इतक्या लहान दिसतात. फुकुशिमात एका लाटेने सगळ्यांची वीज नेली आणि एकीच्या हायड्रोजनने दुसरीची सुटका अडवली. पेट्या, सेन्सर, छतातले दाब सोडणारे पॅनेल, स्वतंत्र व्हेंट (वायू बाहेर सोडायची वाट) यांचा खर्च एका भट्टीच्या किमतीपुढे फार मोठा नाही, आणि मलब्यातून केबल पुन्हा ओढण्याच्या किमतीपुढे तर नाहीच. उलट बाजूने, हे सगळे वाचून भट्ट्याच बंद करा म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवे, की बंद केल्याने हा प्रश्न त्या दिवशी संपत नाही. फुकुशिमाची चौथी भट्टी बंदच होती. वापरलेले इंधन वर्षानुवर्षे तलावात राहते, जुळ्या भट्ट्यांच्या सामाईक नळवाटा राहतात, आणि ते सांभाळणारे कामगारही तिथेच राहतात. अणुवीज हवी की नको यावर आपले मत काहीही असो, उभ्या असलेल्या केंद्रांतला हायड्रोजन दोन्ही पक्षांच्या दारात आहे.

तेव्हा मागायचे काय? हायड्रोजनचा हिशेब अणुसुरक्षेच्या मुख्य खात्यात मांडला जावा, आणि तो कन्टेनमेंटच्या भिंतीशी थांबू नये. बाहेरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, तलावाच्या दालनात, जनरेटरच्या आसपास, बंद टोकाच्या प्रत्येक नळात हा वायू किती साठू शकतो याचा अभ्यास केंद्रवार व्हावा. तिथले सेन्सर केंद्राची वीज गेल्यावरही चालणारे असावेत. शेजारच्या दोन भट्ट्यांचे व्हेंट कुठेही एकमेकांना मिळू नयेत, आणि जिथे ते आजही मिळतात तिथे उलटा प्रवाह कशाने अडतो ते प्रत्यक्ष चाचणी करून दाखवावे. भारताचे नियामक मंडळ पुरेसे स्वायत्त नाही, असे कॅगने 2012 च्या अहवालात लिहिले होते. नियामकाच्या शब्दावर लोकांनी विसंबावे असे वाटत असेल तर त्या शब्दामागचे आकडे उघडे असले पाहिजेत. तारापूरच्या चाचणी केंद्रात आपल्या पेट्या किती हायड्रोजनला पेट घेतात, आयोडीन आणि धूर लागल्यावर त्यांचा वेग किती घटतो, हे निष्कर्ष परिषदांतल्या निबंधांपुरते राहू नयेत. तारापूरच्या 1 आणि 2 या युनिटांच्या कन्टेनमेंटमध्ये नायट्रोजनची व्यवस्था कोणत्या दिवशी पुरी झाली, भट्टी चालू असताना आत ऑक्सिजन किती टक्के राहतो, देखभालीसाठी ती किती तास हवेने भरलेली असते आणि त्या तासांत भट्टी कोणत्या स्थितीत असते, ही माहिती घिवली, चिंचणी आणि बोईसरच्या लोकांना मराठीत, दरवर्षी, न मागता मिळाली पाहिजे.